सोलापुरातला वाचक कोणत्या आकड्यात मोजायचा?

ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटीने १९५३ मध्ये सुरू केलेले नियतकालिक १९७१ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नावाने निघते. सोलापुरात नेत्रचिकित्सा शिकणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहिताना ते विनाशुल्क वाचता येते. त्याचे वजन मात्र जगभर बहुधा एकाच आकड्यावरून, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरवरून, ठरवले जाते. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा चालू वर्षी जितक्या वेळा संदर्भ घेतला गेला, त्या संख्येला त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंध व समीक्षालेखांच्या संख्येने भागले की हा आकडा मिळतो.

ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवी असते. मोजके लेख भरपूर उद्धृत होतात, बाकीच्यांकडे फारसे कोणी फिरकत नाही.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण सोलापूरसह महाराष्ट्रभर सापडू लागले, तेव्हा याच नियतकालिकाच्या जुलैच्या अंकात देशभरातील २,८२६ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळा वाचवायचा की काढायचा, हा निर्णय रोज घ्यावा लागणाऱ्या डॉक्टरांना ती माहिती त्याच महिन्यांत हवी होती; परंतु २०२१ चा इम्पॅक्ट फॅक्टर २०१९ व २०२० च्या लेखांवर ठरत असल्याने, त्या वर्षी या अभ्यासाचा कितीही संदर्भ घेतला गेला तरी त्या आकड्यात तो धरला जाणार नव्हता. तो धरला गेला २०२२ व २०२३ साठी, आणि २०२४ च्या हिशेबातून बाहेर पडला.

लहान शहरातल्या डॉक्टरच्या हातून सहसा लिहून होतो तो एखाद्या विरळा रुग्णाचा वृत्तांत. असे वृत्तांत फारसे उद्धृत होत नाहीत, म्हणजे सरासरी खाली ओढतात. त्यांच्यासाठी २०२१ पासून या नियतकालिकाचे स्वतंत्र भावंड निघते. हेतू काहीही असो, लिहिणाऱ्यांची सोय झाली आहे.

उद्धरणांत न मावणारा प्रभाव पाहायचा तर उसाच्या फडात जावे लागेल. पान डोळ्याला लागते, बुबुळावर बुरशीचा व्रण होतो आणि उपचार लांबले तर फूल पडते. अशा व्रणांवर नॅटामायसिन हे बुरशीविरोधी औषध चांगले की नवे व्होरिकोनाझोल, याची चाचणी दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर झाली आणि २०१३ मध्ये ती ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नॅटामायसिन सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम बुरशीवर. म्हणजे रुग्ण इथले आणि उद्धरणे तिथल्या नियतकालिकाच्या खात्यावर, हेही या हिशेबात घडते. त्या निष्कर्षाला धरून माळशिरसच्या एखाद्या ऊसतोड कामगाराच्या केसपेपरवर डॉक्टर नॅटामायसिनचे थेंब लिहितो, तेव्हा कोणत्याही नियतकालिकाचे उद्धरण वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नॅटामायसिनचे थेंब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सरकारी खरेदीत औषध येण्यासाठी अशा यादीचा आधार इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा अधिक उपयोगी पडतो.