गोबीतला ताखी आणि माणदेशातली घोडी

(दृश्य: म्हसवडच्या पुढचा माळ. मेंढरांचा कळप, मागे बिऱ्हाड लादलेल्या घोड्या.)

दिवाळी सरली की माण-फलटणकडचे धनगर वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, कोकणच्या, नाहीतर कृष्णाकाठच्या वाटेला लागतात. पुढे मेंढरं, मागे घोड्या. घोडीच्या पाठीवर अख्खा संसार: मेंढ्या कोंडायची जाळी, पातेली, अंथरुणं, वाटेत जन्मलेली कोकरं आणि वर पाय बांधलेल्या कोंबड्या. ही घोडी कुणाच्या वाड्यातून आली, तिचं पहिलं शिंगरू कुणाकडे गेलं, हे वाड्यातल्या बाईला तोंडपाठ असतं. कागदावर यातलं जवळजवळ काहीच नाही.

वंशाची अशी नोंद ठेवल्यानं काय साधतं, हे बघायला मंगोलियात जावं लागेल.

(दृश्य: गोबीचं गवताळ रान. ताखींचा कळप.)

हा ताखी. विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणतात. बुटका, मातकट रंगाचा, पोटाखाली फिका. आयाळ ताठ उभी, कपाळावर झुलपं नाहीत, पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. शिकार, हाडं गोठवणारे हिवाळे आणि पाळीव गुरांनी व्यापलेली कुरणं व पाणवठे यांनी त्याला संपवत आणलं. १९६९ मध्ये गोबीत तो शेवटचा दिसला. त्यानंतर रानात एकही उरला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ताखींची वीण चालू राहिली ती मुख्यतः म्युनिक आणि प्राग इथल्या प्राणिसंग्रहालयांत. आजचे सगळे ताखी रानातून धरलेल्या अवघ्या १२ जनावरांचे आणि त्यांत मिसळलेल्या मोजक्या पाळीव घोड्यांचे वंशज आहेत. इतक्या थोड्यांत वीण होत राहिली की भावंडंच जोडीला येतात, शिंगरं अशक्त निपजतात. १९४७ मध्ये रानातून धरलेली ओर्लित्सा नावाची मादी म्हणूनच इतकी मोलाची ठरली. तिनं नवं रक्त आणलं.

आणि प्रागमध्ये १९५९ पासून एक वंशवही ठेवली जाते. कोणता ताखी कुणाच्या पोटचा, कुणाशी जुळवला, हे सगळं तिच्यात आहे. मला या साऱ्या कथेत हीच वही सर्वांत मोठी वाटते. त्या नोंदींच्या आधारानं जोड्या ठरल्या, दूरदूरचे नर-माद्या एकत्र आणले गेले आणि १९९२ मध्ये ताखी मंगोलियाच्या रानात परतले, हुस्ताईत आणि गोबीतही. आज जगात त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे.

(दृश्य: पांढऱ्या बर्फात उभे ताखी.)

२००९-१० च्या हिवाळ्यात मात्र गोबीतले निम्म्याहून अधिक ताखी मेले. त्याच रानातल्या रानगाढवांना फारशी झळ लागली नाही. कारण रानगाढवं मैलोनमैल सरकली, बर्फ कमी तिथे गेली. ताखी आपल्या ठरलेल्या चराऊ जागेतच राहिले. इथे धनगराला काही समजावून सांगायची गरज नाही. चारा संपला की वाडा हलतो, हे त्याला जन्मापासून ठाऊक असतं.

आता थोडं पेशीच्या आत डोकावू. आपल्या घोड्यात ६४ गुणसूत्रं असतात, गाढवात ६२, ताखीत ६६. घोडी आणि गाढवाचं खेचर जवळजवळ नेहमीच वांझ निघतं. ताखी आणि घोड्याचं शिंगरू मात्र पुढे वीण देतं. नातं इतकं जवळचं आहे, आणि धोकाही तिथेच आहे: मोकळ्या रानात पाळीव घोड्यांशी संकर होत गेला तर ताखी हळूहळू त्यांच्यात विरघळून जाईल.

२०१८ मध्ये प्राचीन डीएनएच्या एका अभ्यासानं म्हटलं की ताखीचे पूर्वज सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी कझाकस्तानात बोताई लोकांनी पाळले होते, म्हणजे ताखी मुळात रानटी नाहीच. इतर संशोधकांनी ते पाळीवपण मान्य केलेलं नाही. वाद चालू आहे. माझ्या मते त्यानं ताखीचं मोल कमी होत नाही. तो वंश दुसरीकडे कुठेही नाही. आज जगभर पाळला जाणारा घोडा वेगळ्या मुळाचा आहे, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मुलखातला, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीचा. माणदेशातल्या घोडीची पाळंमुळंही तिथेच पोचतात.

२०२० मध्ये अमेरिकेत कर्ट नावाचं ताखीचं शिंगरू जन्मलं. १९८० पासून गोठवून ठेवलेल्या पेशींतून, पाळीव घोडीच्या पोटी. ज्या नराचं रक्त कळपातून कमी होत चाललं होतं, त्याची ती हुबेहूब प्रत. पण कुणाच्या पेशी वापरायच्या हे ठरवायला आधी वंशवहीच उघडावी लागते.

(दृश्य: पुन्हा माण. घोडीमागे धावणारं शिंगरू.)

माण नदी भीमेला मिळते, आणि भीमेच्या खोऱ्यातलं हे जनावर म्हणजे भीमथडी घोडा. मराठ्यांच्या घोडदळात याच्यावर स्वार बसले. पुढे ही जात संपलीच, असं मानलं गेलं. ती टिकली होती धनगर वाड्यांत, ओझ्याखाली. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

पण त्याच वेळी वाडे बिऱ्हाड टेम्पोत टाकू लागले आहेत, आणि ओझं गेलं की घोडी बाजाराला जाते. म्हणून जातीच्या नोंदीवर थांबून चालणार नाही; एकेका जनावराची नोंद हवी. घोडीचं वय, नर कुणाचा, शिंगरू कोणत्या महिन्यात झालं, पुढे कुणाला दिलं. डीएनएसाठी शेपटीचे मुळासकट उपटलेले थोडे केस पुरतात. हे काम उन्हाळा सरताना वाडे परत येतात, तेव्हा माण-खटाव-फलटणमध्ये गावोगाव करता येईल.