पारा कुठून मोजायचा?

नमस्कार मंडळी.

तापमानाची दोन मापं आपल्या घरात एकत्र नांदतात. मुलाचं अंग गरम लागलं की आपण विचारतो, "किती आहे? शंभरच्या वर?" आणि त्याच दुपारी बातम्यांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसवर गेल्याचं ऐकतो. ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये. सवयीमुळे त्यात काही खटकत नाही. पण डिजिटल थर्मामीटरचं बटण चुकून दाबलं गेलं आणि त्यावर ३८.९ दिसलं, तर भलेभले गोंधळतात. आकडा किरकोळ वाटतो. पण ३८.९ म्हणजे १०२. बाळाला चांगलाच ताप आहे. हा हिशोब घरातल्या प्रत्येकाला यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शाळेत आपण सूत्र पाठ केलं : नऊ पंचमांश आणि बत्तीस. परीक्षा झाली, सूत्र गेलं. हे ९, ५ आणि ३२ आले कुठून, ते एकदा समजलं की पाठांतराची गरज उरत नाही.

तापमानाचं कुठलंही माप घ्या, त्यात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. शून्य कुठे धरायचं आणि एक अंश केवढा घ्यायचा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर सांगतात ती समुद्रसपाटीपासून. बारी गावातून चढणारा माणूस तेवढा चढत नाही, कारण त्याचं शून्य बारीत आहे. शिखर तेच, शून्य वेगळं, म्हणून आकडा वेगळा. त्यातून एकाने मीटरमध्ये मोजलं आणि दुसऱ्याने फुटांत, तर दोन्ही फरक एकदम येतात. सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांच्यात नेमकं हेच झालेलं आहे.

डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म १६८६ सालचा, डान्झिगमधला, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. पुढे ते ॲमस्टरडॅममध्ये उपकरणं बनवत. १७०८ मध्ये ते कोपनहेगनला ओले रोमर यांना भेटले. प्रकाशाला वेग असतो हे गुरूच्या उपग्रहावरून दाखवणारे ते हेच रोमर. त्यांच्या मापात पाणी साडेसातला गोठायचं आणि साठला उकळायचं. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून फॅरनहाइटांनी आकडे चौपट केले. साडेसातचे झाले तीस. पुढे त्यांनी बर्फ ३२ वर आणि माणसाच्या शरीराची ऊब ९६ वर नेली. या बदलाचा फायदा बघा. दोन्हींमध्ये ६४ अंश. चौसष्टचे अर्धे, त्याचे अर्धे, असं सहा वेळा केलं की एक अंश हाती येतो. काचेच्या नळीवर खुणा करणाऱ्या कारागिराला यापेक्षा सोयीचं दुसरं काय असणार? ३२ हा आकडा लहरीने आलेला नाही, तो हातांनी काम करणाऱ्या माणसाचा आकडा आहे. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आणि त्यांचं शून्य? १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ते सांगितलं : बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण. कल्हईवाले तापलेल्या भांड्यावर टाकतात तोच नवसागर. नंतर पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का केला गेला आणि त्या नव्या आखणीत शरीराची ऊब ९६ वरून थोडी वर सरकली.

स्वीडनमध्ये आंदेर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांचं माप मांडलं, पण उलटं! उकळतं पाणी शून्य आणि बर्फ शंभर. ते काही वर्षांतच सुलट करण्यात आलं. हवेचा दाब बदलला की पाणी उकळण्याचं तापमानही बदलतं, याचीही त्यांनी नीट नोंद घेतली होती. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, ते यामुळेच.

आता हिशोब सरळ होतो. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सिअसच्या १०० पायऱ्या, फॅरनहाइटच्या १८०. म्हणजे पाचाला नऊ. शिवाय फॅरनहाइटची मोजणी बर्फापाशी ३२ वर असते. संपलं सूत्र.

तोंडी करायचं तर असं करा. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचा दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ४० चे ८०, वजा ८, झाले ७२, अधिक ३२, आले १०४. उत्तर अगदी बिनचूक येतं. उलट जाताना आधी ३२ वजा करा, मग निम्मे करा आणि त्यात त्याचा दहावा भाग मिळवा. १०२ मधून ३२ गेले, ७०. निम्मे ३५, अधिक साडेतीन, साडेअडतीस. खरं उत्तर ३८.९ च्या जवळ आहे, पण ताप ओळखायला एवढं पुरतं.

शरीराचं तापमान ९८.६ असतं, हे आपण किती ठामपणे सांगतो! जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून ३७ सेल्सिअस हा ढोबळ पूर्णांक दिला. त्याचं रूपांतर करताना दशांश चिकटला. म्हणून ९८.२ दिसलं तर घाबरू नका. ताप ठरवण्याचा डॉक्टरांचा १००.४ हा आकडा सुद्धा तसाच, ३८ सेल्सिअसमधून आलेला.

दोन्ही मापांतली शून्यं माणसाने ठरवलेली, म्हणून "आज कालच्या दुप्पट गरम" या वाक्याला त्यांत अर्थ नाही. २० अंशांवरून ४० वर गेलो तरी उष्णता दुप्पट झालेली नसते. त्यासाठी निसर्गाचं शून्य लागतं, ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही : उणे २७३.१५ सेल्सिअस. केल्विन हे माप तिथून सुरू होतं. तिथून मोजलं तर तो प्रवास २९३ केल्विनपासून ३१३ पर्यंतचा, म्हणजे सुमारे सात टक्क्यांचा. केल्विनची पायरी मात्र सेल्सिअसएवढीच.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा. एखादं तापमान आणि तापमानातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या हवामान विभागाचा निकष घ्या : मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. ४० चे १०४ होतात, ३७ चे ९८.६. पण ते "साडेचार अंशांनी जास्त" फॅरनहाइटमध्ये ८.१ होतं. तिथे ३२ मिळवायचे नाहीत. बारी सोडून कुठल्याही गावातून मोजा, चढाच्या दोन टप्प्यांमधलं अंतर तेवढंच राहणार. फरकात शून्याचा संबंधच नसतो, फक्त पायरीचा असतो.

पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर रोखायची, हे २०१५ च्या पॅरिस करारातलं उद्दिष्ट तुम्ही ऐकलं असेल. तो आकडा यंत्रात घालून रूपांतर मागितलं तर ३४.७ फॅरनहाइट असं उत्तर येतं. यंत्र चुकत नाही, त्याला एक तापमान विचारलं, त्याने तेच सांगितलं. वाढ मात्र २.७ अंशांची आहे. अमेरिकेतल्या नातवंडांशी हवामानाच्या बातमीवर बोलाल तेव्हा हा २.७ सांगा, आणि तो का, तेही सांगा.