पुढची बस कधी?
(रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या रत्नागिरीत उघड्या टपाची बस यायला हवी, असं अधूनमधून कुणीतरी बोलून दाखवतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक फोटो असतो. लाल दुमजली गाडी, वर टोप्या घातलेले पाहुणे, कानात इयरफोन, मागे एखादं जुनं चर्च नाहीतर राजवाडा. त्या फोटोत सगळ्यांचं लक्ष जातं ते नसलेल्या छपराकडे. मी आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं लावली, त्यामुळे माझं लक्ष जातं ते खाली फुटपाथवरच्या खांबाकडे. त्या खांबावर पुढची बस किती मिनिटांनी येणार ते लिहिलेलं असतं. एकाच तिकिटावर वाटेल तिथे उतरायचं आणि मागच्या गाडीत पुन्हा चढायचं, ह्या पद्धतीला हॉप-ऑन हॉप-ऑफ म्हणतात. तिचा सगळा जीव त्या पाटीत आहे. छप्पर ही हौस आहे.

ही हौस आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावांत उन्हाळ्यात जुन्या डबलडेकरांची छपरं काढून त्या किनाऱ्यानं फिरवायची पद्धत फार जुनी आहे. शहरात नको झालेल्या गाड्या असायच्या, काही तर ठेंगण्या पुलाखाली घुसून छप्पर गमावलेल्या. दुरुस्तीचा खर्च करण्यापेक्षा तशाच धाडल्या समुद्रावर! म्हणजे ही कल्पना मूळची आपल्यासारख्याच किनारी गावांची आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लंडनमध्ये 1951 च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ महोत्सवाच्या निमित्तानं शहरदर्शनाच्या फेऱ्या सुरू झाल्या, बार्सिलोनानं 1987 मध्ये आपली पर्यटक बस काढली आणि 1999 मध्ये स्पेनच्या सेव्हिलमध्ये ‘सिटी साइटसीइंग’ ही लाल गाड्यांची कंपनी उभी राहिली, जिच्या गाड्या आज जगातल्या कितीतरी शहरांत दिसतात. आपल्याकडे दिल्लीनं 2010 मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, ‘होहो’ नावानं अशी सेवा काढली. तिच्या गाड्या छपराच्या होत्या. दिल्लीच्या उन्हात उघड्यावर कोण बसणार? पण चढा-उतरायची सोय तीच.

आता तिकिटाची गंमत. तुम्ही चोवीस तासांचं किंवा अठ्ठेचाळीस तासांचं तिकीट काढता. बस ठरलेल्या थांब्यांवरून गोल फिरत राहते. वाटेल तिथे उतरा, बघा, चहा घ्या, मागून येणाऱ्या पुढच्या बसमध्ये चढा. तिकीट काढताना एक गोष्ट मात्र विचारून घ्यायची. चोवीस तास कधीपासून मोजणार? काही ठिकाणी पहिल्यांदा चढल्या क्षणापासून मोजतात, म्हणजे दुपारी तीनला चढलात तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालतं. काही ठिकाणी तिकीट त्या तारखेपुरतंच असतं. मग दुपारी तीनला काढलं की निम्मे पैसे गेले. शेवटची बसही पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी पाच-सहालाच सुटते. त्यानंतर तिकिटावर चोवीस काय, छत्तीस तास लिहिलेले असले तरी रिक्षाच करावी लागते.

माझा अनुभवाचा सल्ला असा, की पहिली पूर्ण फेरी खाली न उतरता मारावी. कुठे काय आहे, कुठल्या दोन थांब्यांमधलं अंतर पायीच बरं, कुठे रांग आहे, हे वरून बसून कळतं. पहिल्याच थांब्यावर उत्साहानं उतरणारी मंडळी तिसऱ्या थांब्यापर्यंत दमतात आणि पुढची अर्धी सफर डुलक्या काढत करतात.

आता जरा हिशेब मांडू. समजा एक फेरी दीड तासाची आहे आणि दर अर्ध्या तासाला बस हवी. म्हणजे रस्त्यावर एका वेळी तीन गाड्या. चालकाचं जेवण, डिझेल किंवा चार्जिंग, एखादी नादुरुस्ती धरली तर चौथी गाडी डेपोत उभी हवी. आता पैसे वाचवायला एकच गाडी ठेवली तर काय होईल? कागदावर मार्ग तोच, थांबे तेच, तिकीटही तेच. पण एका थांब्यावर उतरलेल्या माणसाला पुढच्या गाडीसाठी दीड तास थांबावं लागेल. वीस मिनिटांत देऊळ बघून झालं, उरलेला वेळ तो उन्हात उभा. दुसऱ्या दिवशी तो हॉटेलवाल्याला सांगतो, ‘उतरू नका हो कुठे, अडकाल.’ आणि उतरायची भीती बसली की ती साधी गोल फिरणारी बस झाली. एका मोठ्या शहरात, नाव नाही घेत, मी असाच थांब्यावर भाजून निघालोय. पाटीवर ‘दर वीस मिनिटांनी’ असं लिहिलं होतं. शेवटी शेजारच्या शहाळेवाल्यानं सांगितलं की आज एकच गाडी निघालीय.

अर्ध्या तासाची वारंवारता ठेवली तरी पाहुण्याचा वेळ जातोच. पाच ठिकाणी उतरला आणि प्रत्येक वेळी सरासरी पंधरा मिनिटं थांबला, तरी सव्वा तास नुसता वाट बघण्यात गेला. म्हणून थांबा कुठे ठेवायचा हा प्रश्न गाडी कुठली घ्यायची यापेक्षा मोठा आहे. सावली, बसायला बाक, पाणी आणि स्वच्छतागृह हे जिथे आहे तिथेच थांबा. देवळाच्या दारासमोर थांबा हवा असा आग्रह धरू नका. शंभर पावलं चालू दे की माणसाला!

मुंबईच्या ‘नीलांबरी’चं नाव निघणारच, म्हणून तेही सांगतो. 1937 पासून मुंबईत डबलडेकर धावत होत्या. 1997 मध्ये त्यातल्याच काहींची टपं उघडी करून ‘नीलांबरी’ सुरू झाली. रात्रीच्या रोषणाईत दक्षिण मुंबई दाखवायची, वरचं तिकीट महाग, खालचं स्वस्त. नरिमन पॉइंटकडून चर्नी रोडकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणून डावीकडच्या खिडकीसाठी, म्हणजे वर खिडकी कुठली, कठड्यासाठी घरातल्या घरात भांडणं. 2023 मध्ये जुन्या डिझेल डबलडेकर आणि त्यापाठोपाठ ह्या उघड्या गाड्याही बंद झाल्या. नीलांबरी देखणी होती, पण तिच्यात मध्येच उतरून पुन्हा चढायची सोय नव्हती. बसा, बघा, संपलं. आणि डबलडेकरचं एक दुखणं तुम्हाला बाहेरून दिसत नाही. दोन मजले म्हणजे दोन वाहक. त्या पगारापायी कितीतरी दुमजली गाड्या आतबट्ट्याच्या ठरल्या.

आता रत्नागिरीकडे येऊ. दुमजली गाडीची उंची साडेचार मीटरच्या आसपास. वर बसलेल्याची नजर जमिनीपासून दहा-बारा फुटांवर जाते. ही उंची कोकणात काय दाखवील, याचा विचार केलाय कुणी? आपल्याकडे रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. पलीकडचं काही दिसत नाही. बसच्या टपावरून ते गडगे ओलांडून थेट अंगणात नजर जाणार. सारवलेलं खळं, वाळत घातलेली आमसुलं, पडवीत झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेले आजोबा, मागे पोफळी. पाहुण्याला पर्वणीच! पण आजोबांना विचारलंत का? दर अर्ध्या तासाला तीस-चाळीस अनोळखी डोकी कंपाउंडवरून डोकावून गेली तर चौथ्या दिवशी गडग्यावर हिरवी जाळी लागेल, आणि आजोबा काय शब्द वापरतील ते इथे, बायामाणसांसमोर सांगता येत नाही.

शिवाय फांद्या आणि वायरी. टिळक आळीसारख्या जुन्या भागात दोन घरांमधून विजेच्या, केबलच्या तारा कुठे किती खाली आल्यात, ते एकदा मान वर करून बघा. बाहेरच्या शहरांत ह्या गाडीचा मार्ग ठरवताना आधी झाडं छाटतात, तारा वर घेतात, आणि तरीही वरच्या मजल्यावर उभं राहू देत नाहीत. आणि पाऊस तर तुम्हाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. मार्चपासून मळभ येईपर्यंत ऊन असं, की लोखंडी कठड्याला हात लावला की चटका. उघडं टप खऱ्या अर्थानं सुखाचं, ते दिवाळी ते शिमगा. चार महिन्यांसाठी गाडी घ्यायची आणि आठ महिने ताडपत्री घालून उभी करायची, हे भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं गणित, मला तरी कागदावर जुळवता येत नाही.

पण छपराचा नाद सोडला की ह्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. बघण्यासारखं सगळं जवळजवळ आहे आणि एकसारखं नाही. टिळक आळीत 1856 मध्ये लोकमान्यांचा जन्म झाला ते घर. पुढे भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, 1931 मध्ये सर्व जातींसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्धतेत होते. मग मांडवीची काळी वाळू आणि पलीकडे पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांचे किनारे. मिरकरवाड्याला सकाळी होड्या लागतात तेव्हाचा गलबला. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि 1867 चं दीपगृह. वर थिबा राजवाडा, आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी.

ह्यातल्या प्रत्येक ठिकाणाला लागणारा वेळ वेगळा आहे आणि तिथेच वेळापत्रकवाल्याची परीक्षा. टिळकांच्या घरी अर्धा तास. रत्नदुर्गावर दीड तास तरी, चढ आहे, तटावरून फिरणं आहे. थिबा राजवाड्यात माणूस ‘पंधरा मिनिटं’ म्हणून शिरतो आणि अडकतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1886 मध्ये इथे आणला, त्याला स्वतःचं घर मिळालं 1910 मध्ये आणि 1916 मध्ये तो गेला. चोवीस वर्षं वाट बघून सहा वर्षांचा मुक्काम. नक्षीच्या अर्धगोल खिडक्यांपाशी उभं राहून हा हिशेब कळला की लगेच पाय निघत नाही. इथे गाईडनं ‘चला, चला, गाडी सुटतेय’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. ज्याला थांबायचंय त्याला थांबू दे, पुढची गाडी आहेच, हे जिथे छातीठोकपणे सांगता येतं, तीच खरी हॉप-ऑन हॉप-ऑफ.

आणि ही पद्धत आपल्याला नवी वाटते, हेच मला नवल वाटतं. एसटीनं ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ केलं. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास दिला. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि राज्यभर वाटेल तिथे चढा, वाटेल तिथे उतरा. लंडनवाला एका शहरापुरतं देतो, आपण अख्खा महाराष्ट्र दिला. गावोगावचं वडाप तर काय, गाईसाठी थांबतं तसं गिऱ्हाइकासाठीही थांबतं. चढणं-उतरणं आपल्या रक्तात आहे. वेळ सांगणं तेवढं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चार मिडी, म्हणजे मध्यम आकाराच्या, बस घ्या, मोठ्या काचांच्या, एसी नसला तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीपासून शनिवार-रविवार चालवा. तिकीट चढल्यापासून चोवीस तासांचं. राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयाचा सुट्टीचा वार तिकिटावर छापा, नाहीतर बंद दारासमोर पाहुणे उतरवाल. रिक्षा संघटनेशी आधी बोला. शेवटची बस गेल्यावरचं आणि रेल्वे स्टेशनचं गिऱ्हाईक त्यांचंच राहणार आहे, हे त्यांना पटवून द्या. माहिती रेकॉर्ड करणार असाल तर मराठी ती इथल्या माणसाच्या तोंडची असू दे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग टप उघडं नकोच का?)

अहो, हवं असेल तर एक गाडी करा की! बाहेर पुष्कळ ठिकाणी पुढचा अर्धा मजला झाकलेला आणि मागचा उघडा अशा गाड्या असतात. ती मांडवीहून भाट्यापर्यंत संध्याकाळी सोडा. फक्त ती पाचवी गाडी असू दे. पहिल्या चार वेळेवर सुटायला लागल्या की मला सांगा, तिच्या वेळापत्रकाला मी फुकट बसतो.