पाककृती मिळते, खूण मिळत नाही

(दृश्य : पुण्याची महात्मा फुले मंडई, सकाळची वेळ. ओल्या गोणपाटावर अळूच्या जुड्या.)

मंडईत अळू मागितलं की मावशी आधी विचारतात, "भाजीचं देऊ का वडीचं?" भाजीचं अळू फिकट हिरवं, देठही हिरवट. वडीचं गडद, देठ काळपट जांभळे. उत्तर मिळाल्याशिवाय जुडी हातात पडत नाही.

आता हीच भाजी मोबाइलवर शोधा. फोटो सुरेख, वर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. साहित्यात मात्र "अळूची पानं, एक जुडी" एवढंच. कोणतं अळू, ते लिहिलेलं नाही. चिंचेपुढे लिहिलंय, "आवडीनुसार".

चिंच इथे नुसत्या आवडीसाठी नसते. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे बारीक स्फटिक असतात. पान कच्चं राहिलं की ते घशाला टोचतात, घसा खवखवतो. म्हणून अळू पुरतं शिजवायचं आणि त्यात चिंच किंवा आंबट चुका पडायलाच हवा, हे घराघरात ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नाही तोच पाककृती शोधत येतो, आणि नेमकं त्यालाच ते सांगितलं जात नाही.

(दृश्य : कर्वेनगरमधल्या भाड्याच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. एका शेगडीवर कढई, मसाल्याच्या डब्याला टेकवलेला मोबाइल.)

पुण्यात शिकायला आणि नोकरीला आलेली मुलं-मुली अशा स्वयंपाकघरांत पहिल्यांदा कांदा चिरतात. मेसचा कंटाळा आलेला असतो, बाहेरचं रोज परवडत नाही. घरी फोन केला तर आई म्हणते, "अंदाजाने घाल गं." अंदाज अजून हातात आलेला नसतो. मग उरतो मोबाइल. ही मुलं आळशी नाहीत. बाजार करतात, निवडतात, चिरतात, मन लावून बघत बघत करतात. तरीही आमटी पाणचट होते आणि रस्सा उग्र लागतो, तेव्हा त्यांना वाटतं की आपल्यालाच जमत नाही. दोष बऱ्याचदा पाककृतीत असतो.

कांद्याचंच घ्या. मटणाच्या रश्श्याचं वाटण करायचंय. व्हिडिओत ताई सांगतात, "कांदा चार-पाच मिनिटं परतून घ्या, छान तपकिरी होऊ द्या." पुढच्याच क्षणी कढईत गडद तपकिरी कांदा दिसतो. मधला वेळ कापलेला आहे.

कांद्यात साधारण नव्वद टक्के पाणी असतं. ते कढईत आहे तोवर कांदा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. रंग आणि खमंगपणा आणणारी रासायनिक क्रिया जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. तीन-चार मोठे कांदे मध्यम आचेवर नीट तपकिरी व्हायला पाऊण तास लागू शकतो. पाच मिनिटांत होतो तो कांदा जेमतेम पारदर्शक.

(दृश्य : कढई जवळून. आवाज स्पष्ट ऐकू यावा, पार्श्वसंगीत नको.)

हा आवाज ऐका. आत्ता चुरचुरतोय, वाफ वर येतेय, कांदा उकडतोय. आता आवाज बसलाय. कडेला तेल वेगळं दिसायला लागलंय, फोडींची टोकं रंग धरतायत आणि वास कच्च्याचा गोडसर झालाय. इथून पुढे उलथनं सोडून जायचं नाही. कळीचा भाग हाच, आणि व्हिडिओतून नेमका हाच उडवला जातो.

का उडवला जातो? दाखवणारे वाईट नसतात. गणित वेगळं असतं. मिनिटभराच्या रीलमध्ये कांदा परतणं मावत नाही. मोठ्या व्हिडिओचा हिशेब आणखी निराळा. यूट्यूबवर मधोमध जाहिरात लावायला व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा लागायचा, जुलै २०२० पासून आठ मिनिटांचा पुरतो. म्हणून साध्या वरणफळाच्या व्हिडिओतही आधी गप्पा, मग साहित्याची ओळख, मग पुन्हा गप्पा, आणि वेळ जिथे द्यायला हवा तिथे कात्री. लिहिलेल्या पाककृतींचंही तेच. लांबलचक प्रस्तावना असते, कारण जितकं खाली सरकवावं लागेल तितक्या जाहिराती डोळ्यांसमोरून जातात. कमाईचा हा मार्ग आहे आणि मेहनतीचे पैसे मिळायलाच हवेत. पण त्यात करणाऱ्याचं जेवण बिघडावं, हे आम्हाला मान्य नाही.

दुसरं एक कारण आहे. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबवर नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दिसत नाही. निर्मात्यांवर ठरवून होणारे हल्ले थांबावेत म्हणून कंपनीने तो झाकला. पण त्याबरोबर एक उपयोगी इशाराही गेला. शेकडो जणांची इडली दगड झाली असली तरी पुढच्याला ते एका नजरेत कळत नाही.

(दृश्य : सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर. मोठं पातेलं, पितळी पुरणयंत्र. ऑर्डरीच्या पुरणपोळ्या करणाऱ्या काकू, शेजारी एक विद्यार्थिनी.)

मुलीने घरी पुरण केलं होतं, ते पातळ झालं. तिने त्यात बेसन घातलं. व्हिडिओत तर सगळं बरोबर दिसत होतं.

काकू विचारतात, "गूळ घातल्यावर घाबरलीस ना?"

"हो काकू. डाळ छान घट्ट होती, गूळ घातला आणि एकदम पाणीच झालं."

"अगं, होणारच. गूळ वितळला की पुरण सैल पडतं. तुझं काही चुकलेलं नाही, पुढे आटवायचं राहिलं. बघ आता."

पातेल्यात डाळ आणि गूळ. डाळीचं पाणी, म्हणजे कट, आमटीसाठी आधीच बाजूला निघालाय. गूळ विरघळतो, मिश्रण सैल होतं, मोठे बुडबुडे फुटून हातावर उडायला लागतात. काकू लांब दांड्याचं उलथनं घेतात. हळूहळू बुडबुड्यांचा आवाज जड होतो, पुरण पातेल्याची कड सोडायला लागतं. काकू उलथनं मधोमध रोवतात आणि हात काढून घेतात. ते उभं राहतं.

"झालं. आता गरम आहे तोवरच यंत्रातून काढायचं. गार झालं की घट्ट होतं, मग हात मोडतात."

या सगळ्यात काकूंनी एकदाही किती मिनिटं ते सांगितलं नाही. त्यांचं सांगणं पातेल्यात काय दिसेल याचं होतं, आणि मधे काय बिघडल्यासारखं वाटेल याचंही. आम्ही विश्वासाची पाककृती म्हणतो ती ही. कडा सुटणं, तेल सुटणं, उलथनं उभं राहणं या खुणा शेगडी बदलली, पातेलं बदललं तरी चालतात. मिनिटं चालत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या तर त्याहून बेभरवशाच्या. छोटा कुकर मोठ्या आचेवर ठेवला तर तीन शिट्ट्या भराभर होतात, मोठा कुकर बारीक आचेवर असेल तर त्याच तीन शिट्ट्यांना कितीतरी वेळ लागतो. डाळ शिजते ती दाबाखाली गेलेल्या वेळात. म्हणून आचेचा आणि कुकरच्या आकाराचा उल्लेख नसलेला "तीन शिट्ट्या" हा सल्ला अर्धवट आहे.

(दृश्य : तुळशीबाग. स्टीलच्या वाट्यांच्या चळती.)

मापांबद्दल थोडं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं ते वाटी-चमच्याचं माप घेऊन, आणि ते घराघरांत चाललं. तुळशीबागेतल्या या वाट्या बघा. एकीत शंभर मिलिलिटर पाणी मावतं, दुसरीत दीडशेच्या वर. तरी वाटीचं माप का चालायचं? कारण पिठी आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने मोजलं की प्रमाण राहतं. गोंधळ होतो तो पाककृती चार ठिकाणांहून जोडली जाते तेव्हा. पीठ कपात, पाणी वाटीत, साखर ग्रॅममध्ये आणि "एक मध्यम कांदा". अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०. केकच्या बाबतीत हा फरक जड जातो. मिठाच्या चमच्यालाही तेच, बारीक मीठ आणि जाडं मीठ एकाच चमच्यात सारख्या वजनाचं बसत नाही.

वाटीने मोजूनही उकडीचे मोदक फुटतात, कारण पिठी कुठल्या तांदळाची हे सांगितलेलं नसतं. आंबेमोहोराची ताजी, बारीक पिठी चिकट उकड देते. दुसऱ्या तांदळाची, जुनी पिठी पाणी वेगळं पिते, पारीला भेगा पडतात. गुळाचंही तसंच. मऊ वडीला साधा गूळ हवा. चिक्कीचा घातला तर ती दातांनी तुटत नाही. मार्केट यार्डात भुसार विभागातला दुकानदार विचारेल, "कशाला हवाय?" पडद्यावरची पाककृती विचारत नाही. निदान तिने लिहावं तरी.

आणि पाणी. शहराच्या मोठ्या भागात नळाला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं. वाघोलीसारख्या वाढत्या उपनगरांत बऱ्याच सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर आहेत. बेसाल्टच्या खडकातून येणारं हे पाणी बऱ्याचदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालातलं आणि पेशींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारं द्रव्य, घट्ट करतं, आणि हरभरे तासन्‌तास टणक राहतात. त्यात चिंच किंवा टोमॅटो आधीच घातला तर आणखी उशीर, कारण आंबटही डाळ मऊ होऊ देत नाही. आमटीत चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावर घालायचा तो म्हणूनच. ज्यांच्या कुकरला आतून पांढरा थर चढतो त्यांनी हरभरे भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घेऊन बघावं.

(दृश्य : पडद्यावर एकाच पदार्थाच्या अनेक पाककृती, एकाखाली एक.)

अनेकदा दहा ठिकाणी एकच चूक सापडते. दहा जणांनी करून पाहिलं म्हणून नव्हे, एकाचं दुसऱ्याने उचललं म्हणून. नुसत्या साहित्याच्या यादीला कॉपीराइटचं संरक्षण नसतं, असं अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालयच सांगतं. आता त्यात यंत्राने लिहिलेल्या पाककृतींची भर पडली आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआय उत्तराने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये कागद चिकटवायचा डिंक मिसळायला सुचवलं. मूळ होतं कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी केलेल्या थट्टेत. त्या यंत्राने कधी कांदा परतलेला नाही. वाक्य मात्र अगदी सराईत.

चव बिघडली तर एक जेवण जातं. काही ठिकाणी त्याहून जास्त जातं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळवावा लागतो. मंद आचेच्या विजेच्या कुकरमध्ये (स्लो कुकर) ऐंशी अंशांवर ठेवला तर विष कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरला एका उपाहारगृहातल्या अशाच लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते.

आणि दुधीचा रस. सकाळी उपाशीपोटी घ्या, वजन उतरेल, असं सांगणारे व्हिडिओ शोधायलाही लागत नाहीत, आपोआप समोर येतात. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. २०१८ साली पुण्यातच असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

दुधीच्या रसाचा व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला आमची हात जोडून विनंती आहे. मिक्सर लावण्याआधी दुधीचा एक छोटा तुकडा कापा, जिभेवर ठेवा आणि कॅमेऱ्यासमोर सांगा : कडू लागला तर थुंकून टाका, चूळ भरा, अख्खा दुधी फेकून द्या. साखर-मध घालून कडूपणा झाकू नका. प्यायल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे.