आधी पाणी, मग रोप

[दृश्य: ओहोटी. खारबांधाच्या पायाशी निखळलेले दगड.]

खारं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या या बांधाच्या दगडावर लाट आपटते आणि माघारी जाताना पायाखालचा गाळ घेऊन जाते. काही पावसाळ्यांत पाया पोकळ होतो, दगड घसरतो. समोर तिवरांचा, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांचा, पट्टा असला तर लाट तिथेच दमते, गाळ मुळांत बसतो. म्हणून खाडीकाठी अशा झाडांचं रान, कांदळवन, लावतात. ते पुष्कळदा फसतं.

[दृश्य: सपाट चिखलात ओळीने वाळलेली रोपं. कॅमेरा एका रोपाजवळ.]

हे कांदळाचं, याच रानातल्या एका झाडाचं, रोप. खालपासून वरपर्यंत बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या सागरी जिवाची चुन्यासारखी कवचं. ओझ्याने वाकलंय, पानं गळलीत. मोकळी जागा दिसली म्हणून इथे लावलं. पण हा चिखल सरासरी समुद्रपातळीच्या खाली आहे, रोप बहुतेक वेळ बुडालेलंच. कांदळवन वाढतं त्या पातळीच्या वर, उधाणाच्या रेषेपर्यंत. इथे झाड असायचं असतं तर ते आधीच असतं!

[दृश्य: खुणांचा बांबू, चढतं पाणी.]

तेव्हा आधी बांबू रोवा, दर 10 सेंटिमीटरला खूण करा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती, दोन्हींचं पाणी नोंदवा. शेजारी निरोगी तिवर ज्या उंचीवर उभं आहे, तीच उंची धरा.

खोलगट भागात पाणी साचून आटतं, मीठ फुटतं. तिथे रोप नव्हे, चर हवेत. तमिळनाडूत पिचावरमला मुख्य चराला तिरके उपचर जोडून, माशाच्या काट्यासारखे, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं केलं.

[दृश्य: हातात कांदळाची लांब शेंग.]

शेंगेच्या वरच्या टोपीखाली पिवळसर पट्टा दिसला आणि हलक्या ओढीने ती सुटली, की शेंग तयार. टोकदार बाजू खाली, एक तृतीयांश चिखलात. उलटी रोवली तर कोंबच गाडला जातो. अंतर 1 ते 1.5 मीटर. पहिल्या वर्षी दर उधाणानंतर रोपांना गुंडाळलेलं प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे सोडवावे लागतात. शेळ्या-म्हशींची राखण वेगळीच.

[दृश्य: फुटलेला बांध, मागे दाट तिवर.]

रायगडमधल्या या शेतात मात्र कुणीच काही लावलं नव्हतं. बांध फुटला, भरती आली, बी तिच्याबरोबर आलं. 2018च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या कामाचा. सातबाऱ्यावर इथे अजून भातशेती आहे.