नदीच्या चालीनं चालणारी बोट

श्रोतेहो, नमस्कार.

लहान बोटीवरच्या निवांत सफरीबद्दल आज बोलायचं आहे. लहान बोट म्हणजे होडी नव्हे बरं का. झोपायला स्वतंत्र खोल्या, खोलीला मोठी खिडकी, वर बसायला मोकळा डेक, दोन्ही वेळचं ताजं जेवण आणि प्रवासी मात्र मोजके. वीस, तीस, फार तर पन्नास.

2024 साली पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज 365 मीटर लांब आहे आणि त्यावर सात हजारांहून जास्त प्रवासी मावतात. त्याच्यासमोर आपली ‘गंगा विलास’ बघा. 13 जानेवारी 2023 रोजी ती वाराणसीहून पहिल्या सफरीला निघाली. लांबी 62 मीटर, खोल्या 18, प्रवासी 36. वाराणसी ते दिब्रुगड, वाटेत बांगलादेश, सुमारे 3200 किलोमीटर आणि 51 दिवस. एवढे दिवस घर सोडून कोण राहणार? पण याच गंगा-ब्रह्मपुत्रेवर आठवडाभराच्या सफरीही असतात.

लहान बोटीला पाणी थोडं पुरतं, म्हणून ती गावच्या घाटापर्यंत जाते. मोठं जहाज बंदरातच थांबतं. आणि लहान बोटीवर जेवायला रांग नाही, उतरायला रांग नाही. पुन्हा सांगतो, आराम हवा असेल तर बोट लहान निवडा.

पहाटे चारला उठवून आठवड्यात अकरा गावं पळवत दाखवणाऱ्या सहली बंदच व्हायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस घरी येऊन दोन दिवस झोपून काढतो, ती सहल कसली? असो.

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. ब्रह्मपुत्रेवरच्या सफरीला तिला मी आग्रहानं नेलं. तिचं सासर भीमेच्या काठी, पंढरपूरच्या अलीकडं. मळा नदीपल्याड. त्यामुळे लग्न झाल्यापासून रोज होडीनं जा-ये. उजनी धरण भरायच्या आधीची भीमा तिनं पाहिलेली, पुरातली आणि उन्हाळ्यातलीही. बोटीवर चढताना तिनं एवढंच विचारलं, “हितं निस्तं बसायचं व्हय रं?” म्हटलं, हो आत्या, नुसतं बसायचं.

आणि ती बसली. सकाळी चहा घेऊन डेकवर वेताच्या खुर्चीत बसायची, ती जेवायलाच उठायची. ब्रह्मपुत्रा काही ठिकाणी इतकी रुंद आहे, की पलीकडचा काठ धूसर रेघ होतो. शिवाय ती दरवर्षी वाट बदलते. गेल्या वर्षी जिथून बोट गेली तिथं यंदा वाळूचं बेट असतं. म्हणून आमच्या बोटीच्या पुढच्या टोकाला एक माणूस बांबू घेऊन उभा असे. बांबूवर तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेले. तो बांबू पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की पट्टा बघायचा आणि वर सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, मोठ्यानं आकडा सांगायचा. परत उचलायचा, परत सोडायचा. बांबूवरून निथळणाऱ्या पाण्यानं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले असायचे.

एका दुपारी आत्या खुर्चीत एकदम पुढं सरकली. म्हणाली, “तिकडं नगं. पाणी थरथरतंय बघ, खाली वाळू हाय.” मी बघतोय तोवर बांबूवाल्यानंही जोरात हाळी दिली. पण बोट ती, चटकन थोडीच वळते! खालून खर्रर्र आवाज आला आणि बोट वाळूवर बसली.

कुणी ओरडलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. लहान बोट असल्यामुळे आम्ही सगळे कठड्याशी जाऊन उभे राहिलो. आत्या थेट पुढं, बांबूवाल्याजवळ. त्याची भाषा हिला येईना, हिची त्याला. हिनं डाव्या काठाकडं हात केला. तिथं दरड कोसळत होती, मातीची ढेकळं पाण्यात पडत होती. नदी जिकडचा काठ खाते, तिकडंच पाणी खोल असतं, हे भीमाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या माणसानं तिच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि बांबू तिच्या हातात दिला!

सत्तरी ओलांडलेली आमची आत्या. पदर खोचला, बांबू सोडला, दोनदा टेकवला. “वर बोटभर गाळ, खाली निब्बर वाळू,” असं तिनं आम्हाला सांगितलं. मग खलाशांनी छोटी होडी उतरवून आजूबाजूचं पाणी मोजलं, तर वाट निघाली ती डाव्या काठाच्या कडेनंच. इंजिन मागं-पुढं करत, वाळू ढिली करत बोट सुटेपर्यंत उन्हं कलली होती.

त्या रात्री बोट एका वाळूच्या बेटाला बांधली. आत्यानं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, बांबूवाल्याला समोर बसवून वाढली. चटणी अर्थातच उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं पीठ होतं, तेल सुटत नाही, त्याला सोलापुरी चटणी म्हणू नये. नंतर सफर संपेपर्यंत तो रोज सकाळी आत्याची खुर्ची पुढं, स्वतःजवळ नेऊन ठेवायचा.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा कामाचं सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी समुद्रापेक्षा नदीच धरावी, कारण नदीत लाटांचा हेलकावा नसतो, पोटात ढवळत नाही. समुद्रावर गेलातच तर खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं डोलणं सगळ्यात कमी. लहान बोटीवर लिफ्ट आणि डॉक्टर असतीलच असं नाही, ते आधी विचारा. रोजची औषधं पुरून उरतील इतकी घ्या. भाड्यात काठावरच्या फेऱ्या धरल्यात का, तेही विचारा.

आणि उजनीबद्दल एक मागणं. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात, मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना दाखवायला नेतात. ते तसंच राहू द्यावं. कर्णे लावलेल्या मोठ्या बोटी त्या पाण्यात आणू नयेत.

ब्रह्मपुत्रेचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, पावसाळ्यात पुरामुळे सफरी बंद. खोल्या थोड्या असतात, म्हणून चार-सहा महिने आधी ठरवा. सोलापूरहून पुण्याला किंवा हैदराबादला जायचं, तिथून विमानानं गुवाहाटी. थंडीत डेकवर वारं झोंबतं, घोंगडी बरोबर असू द्या.

नमस्कार.