रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही

नमस्कार मंडळी. आज विज्ञान आणि इंजिनिअरिंगसाठी सरकारने पैसा का द्यायचा यावर बोलायचंय, आणि त्याहून जास्त, तो आपण मागायचा कसा यावर, कारण शास्त्रज्ञ मंडळींना मागायची लाज वाटते आणि बाकीच्यांना वाटतं हा आपला विषयच नाही.

कोरोनात नाकात काडी घालून केलेली आरटीपीसीआर टेस्ट आठवतीये ना? त्यात नमुना साधारण पंचाण्णव डिग्रीपर्यंत तापवतात, मग थंड करतात, परत तापवतात, असं तीस-चाळीस वेळा. या तापवण्या-थंड करण्यात विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणारं एक एन्झाइम लागतं, पण एवढ्या उष्णतेत साधं एन्झाइम मरतं, म्हणजे आधी दर फेरीला नवीन घालत बसावं लागायचं. जे टिकतं ते एन्झाइम आलंय एका जिवाणूतून, आणि तो जिवाणू १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात सापडला. ब्रॉकना टेस्टबिस्ट काही शोधायची नव्हती हो, इतक्या गरम पाण्यात कोण जगतं एवढंच बघायचं होतं, आणि त्यासाठी पैसे सरकारी होते. पीसीआर, म्हणजे त्या टेस्टमागची प्रती काढायची पद्धत, आली १९८३ ला. सतरा वर्षं! फायदा दिसेपर्यंत एवढं थांबणारी कंपनी मला दाखवा. थांबू शकतं ते सरकारच, म्हणून मागणीही तिथेच करायची.

ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात संशोधनाचे पैसे आटत चालले होते. तेव्हा हृदयाचा अभ्यास करणारे डेनिस नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर वर्गणी काढली. जवळपास दीड हजार शास्त्रज्ञांनी पैसे घातले आणि जानेवारी १९८६ मध्ये लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली, ब्रिटिश विज्ञान वाचवा म्हणून. त्यातून संघटना उभी राहिली आणि ती आजही सरकारच्या मागे लागलेली असते. मला हे फार आवडतं, कारण आपल्या प्रयोगशाळेपुरतं न मागता सगळ्यांसाठी मागितलं.

आणि मधेच हात आखडला तर काय होतं? टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचा प्रचंड पार्टिकल कोलायडर, म्हणजे अणूहून लहान कण एकमेकांवर आदळवून बघायचं यंत्र, होणार होता, सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणून झाला, दोन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाले आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रकल्पच बंद केला. खर्च जास्त होत होता हे खरंय, पण पैसे गेले ते गेलेच, आणि असल्याच यंत्राने शोधायचा हिग्ज बोसॉन नावाचा कण २०१२ ला सापडला तो युरोपात, सर्न या प्रयोगशाळेत.

लहान लॅबमध्येही हेच होतं, फक्त बातमी होत नाही. उणे ऐंशी डिग्रीचा फ्रीजर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, त्यात कुणाचे पाच-सहा वर्षं जमवलेले नमुने असतात, ग्रँट, म्हणजे संशोधनासाठी मंजूर झालेला पैसा, सहा महिने लटकली की मेंटेनन्स थांबतो, फेलोशिप म्हणजे संशोधकाचा दरमहाचा भत्ता थांबतो, आणि तिथे संशोधन करणारी मुलगी नाइलाजाने दुसरी नोकरी धरते. पुढच्या वर्षी पैसे आले तरी ती परत येत नाही.

म्हणून सांगतो, बजेट मांडून झाल्यावर बोंबलून उपयोग नाही, आकडे कितीतरी आधी ठरायला लागतात, तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र आत्ता लिहा. विज्ञान महत्त्वाचं आहे असं मोघम नको. मंजूर झालेल्यातले किती प्रत्यक्ष पोचले, फेलोशिप दर महिन्याला मिळते का, एवढं विचारा आणि उत्तर आलं नाही तर परत लिहा.